धाकटीच्या शाळेतल्या निळ्या खुर्च्या

त्या खुर्च्या मी पहिल्यांदा पाहिल्या त्या टेम्पोत. मी काळ्या-पिवळ्या जीपमध्ये दोन बायकांच्या मध्ये अंग चोरून बसले होते, आणि आमच्या जीपला मागं टाकून तो टेम्पो धुरळा उडवत पुढं गेला. मागं दोरीनं आवळलेल्या लहान लहान निळ्याशार खुर्च्या होत्या. जीपवाला म्हणाला, "बाई, कारखान्याच्या गावच्या शाळेला चालल्यात. तिथं आता फॉरेनचं शिक्षण येणार हाय म्हणं."

"माहीत हाय," मी म्हणाले आणि पदरानं तोंड झाकून घेतलं. जीपवाल्याला वाटलं असेल, धुरळ्यामुळं.

माहीत कसं नसणार? त्या शाळेत माझी धाकटी जाऊ शिक्षिका होती. आम्ही दोघी जावा केजला एकाच घरात राहायचो आणि दोघीही जिल्हा परिषदेच्या नोकरीत. सकाळी डबे एकाच पोळपाटावर लाटलेल्या पोळ्यांचे भरायचे आणि मग तिनं स्कूटीवर बसायचं, मी जीपची वाट बघत उभं राहायचं. आमच्या शाळांची गावंही शेजारची. मध्ये एक माळ, तो ओलांडला की तिची शाळा. फरक इतकाच की तिच्या गावात साखर कारखान्याचे चेअरमन राहत होते आणि माझ्या गावात फक्त कारखान्याचे सभासद. कारखाना सहकारी होता, ऊस दोन्ही गावांनी घातला होता, पण परदेशी अभ्यासक्रमासाठी तालुक्यातली एक शाळा निवडायची वेळ आली तेव्हा सगळ्यांना चेअरमनसाहेबांचंच गाव दिसलं. सरकारनं काही दिलं, कारखान्यानं काही घातलं. एकूण खर्च किती झाला ते मी कधी विचारलं नाही. आकडा ऐकला असता तर आणखी जळाले असते.

माझी शाळा दोन खोल्यांची. आम्ही दोघंच शिक्षक. खालचे वर्ग सर घ्यायचे, चौथी ते सातवी एकत्र माझ्याकडं. पत्रे गळायचे, पण त्या साली पाऊसच नसल्यानं ती तक्रारसुद्धा करता येईना. मी तिथं वर्षानुवर्षं खपले होते. पोरं शिष्यवृत्तीला बसवली, भिंतीवर स्वतःच्या हातानं पाढे रंगवले. धाकटी नोकरीला लागली तेव्हा शिकवण्याआधी पाठाचं टाचण कसं काढायचं ते तिला मीच शिकवलं होतं. आणि आता तीच एसी गाडीत बसून पुण्याला ट्रेनिंगला निघाली होती. जाताना पाया पडली. मी "सुखी राहा" म्हणाले, पण आवाज काही मनापासून निघाला नाही.

परत आली ती पार बदलून आली, असं मला वाटलं. खरं म्हणजे ती होती तशीच होती, पण माझ्या डोळ्यांत सगळंच खुपायला लागलं होतं. रात्री भाकरी थापताना ती सांगायची, "आक्का, त्यांच्यात पुस्तकच न्हाई. पोरांनी इचारायचं, पोरांनीच हुडकायचं. आपण नुसतं संगं ऱ्हायचं."

"मग पगार कशाचा घ्यायचा?" मी विचारलं.

ती हसली. आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, दाराशी बसून लसूण सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "कावून टोचून बोलतीस गं तिला?" त्या दिवशी मला धाकटीपेक्षा आत्याबाईंचा जास्त राग आला.

मग माझी पोरं माळ ओलांडायला लागली. आधी दुकानदाराचा मुलगा गेला, त्याचं मला काही वाटलं नाही. पण एक दिवस माझ्या वर्गातली एक मुलगी गेली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चौथी नुकतीच माझ्या हाताखाली झालेली. घरी मेंढरं होती, दुष्काळात ती विकली आणि आईबापांनी ऊसतोडीचा कोयता धरला. वर्गात अशी पोर एखादीच येते. मी फळ्यावर अर्धं गणित लिहीपर्यंत तिचं उत्तर तयार असायचं, पण सांगायची नाही, नुसती माझ्याकडं बघत बसायची. हिला मी शिक्षिका करणार, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. आईबापांना न विचारताच.

तिची आई दाखला न्यायला आली तेव्हा खाली मान घालून म्हणाली, "बाई, राग नका धरू. तिकडं खुर्च्या हायत. पोरीला कंबर मोडूस्तवर खाली बसावं लागत न्हाई."

मी दाखला लिहून दिला. पेन कागदात रुतत होतं.

एकदा काहीतरी निमित्त काढून मी धाकटीच्या शाळेत गेले. निमित्त कोणतं होतं ते आता आठवत नाही, पण मनातला हेतू पक्का आठवतो. मला तिथलं काहीतरी वाईट बघायचं होतं. आणि ते मला फाटकातच सापडलं. हात धुवायला रंगीत फरशीचा ओटा बांधला होता, त्यावर चकचकीत नळांची रांग, आणि एकाही नळाला पाणी नाही. मी प्रत्येक तोटी फिरवून बघितली. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

पण वर्गात पोरंच नव्हती. शिपाई म्हणाला, छावणीवर गेल्यात. त्या साली गावच्या सहकारी सोसायटीनं गावाबाहेर गुरांची चारा-छावणी उघडली होती. गावोगावची जनावरं तिथं दावणीला बांधलेली, त्यांच्याबरोबर माणसंही तिथंच राहायची. मी गेले तर धाकटी एका म्हशीजवळ उकिडवी बसलेली, आणि पोरं माणसांना प्रश्न विचारत फिरताहेत. तुमची म्हैस किती पाणी पिती? ते पाणी कुठून येतं? टँकर तिथं कुठून भरतो? माझी ती मुलगी, हो, मी अजून माझीच म्हणत होते, धाकटीजवळ आली आणि म्हणाली, "बाई, टँकरचं पाणी ज्या हिरीतून येतं, त्या गावाला मग काय उरतं?"

धाकटी म्हशीजवळून उठली. मग म्हणाली, "मला ठाव न्हाई गं. कुणाला ठाव असंल?" पोरगी लगेच टँकरच्या ड्रायव्हरकडं पळाली.

एक वर्ष ती पोर माझ्यासमोर बसली होती. मला तिनं कधी एक प्रश्न विचारला नव्हता. घरी येताना जीपमध्ये मी स्वतःला बजावलं, म्हशी मोजणं म्हणजे काही शिक्षण नव्हे. बजावलं खरं, पण पोटात दुखायचं काही थांबलं नाही.

पाऊस शेवटपर्यंत आला नाही. ऊस जळाला, आणि यंदा गाळप होणार नाही असं कारखान्यानं आधीच सांगून टाकलं. दसरा झाला की आमच्याकडं ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रकमध्ये भांडी, कोंबड्या, सरपण, म्हातारी माणसं, पोरं, सगळं भरून सांगली-कोल्हापूरकडं. त्या साली तर जी माणसं कधी गेली नव्हती तीही निघाली. मुलीची आजी एरवी मागं राहायची आणि नातीला सांभाळायची. पण यंदा गावात पाणी भरायचं कुणी, म्हणून आजीलाही ट्रकमध्ये घेतलं. म्हणजे मुलगीही जाणार, हे ठरलंच.

एका रविवारी दुपारी मी तांदूळ निवडत होते. धाकटी येऊन समोर बसली. "आक्का, तुमच्या शाळेच्या कपाटात पाचवीची जुनी पुस्तकं असतील ना?"

मला सगळं कळलं होतं, तरी मी विचारलं, "तुला कशाला? तुमच्यात तर पुस्तकच न्हाई."

"पोरगी चालली. संगं काय देऊ?"

माझ्या शाळेत एक पद्धत होती. ती कुणी सुरू केली मला ठाऊक नाही, मी गेले तेव्हा चालू होती. टोळीबरोबर जाणाऱ्या प्रत्येक पोराच्या पुस्तकांत, जिथपर्यंत शिकवून झालं त्या पानावर लाल दोरा घालायचा. पुस्तक राज्यभर एकच. तिकडच्या गावातल्या मास्तरांनी दोरा धरून पान उघडायचं आणि पुढं चालू करायचं. पोर परत आलं की नवा दोरा बघून आम्ही पुढं न्यायचं. आमची पोरं सहा महिने इकडची आणि सहा महिने तिकडची, त्यांची शाळा त्या दोऱ्यावर टिकून होती. आता या परदेशी अभ्यासक्रमात दोरा घालणार कशात? तो अभ्यासक्रम कुठल्यातरी अशा गावासाठी केला होता जिथली पोरं जूनमध्ये शाळेत येतात आणि एप्रिलपर्यंत त्याच शाळेत असतात. हे मी धाकटीला त्या दिवशी बोलून दाखवलं, आणि सांगायला हरकत नाही, बोलताना फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पुस्तकं घरी आणली. दोघी जमिनीवर बसलो, मध्ये लाल दोऱ्याचं रीळ.

"गणित," मी म्हणाले. "अपूर्णांक झाले?"

"झाले. पर छावणीत झाले. कडब्याच्या पेंढ्यांचे वाटे करताना."

"मग ह्या पानावरची उदाहरणं?"

"ती न्हाई केली."

"म्हंजे झाले की न्हाई झाले?"

"झाले बी आन न्हाई बी, आक्का." तिचे डोळे भरून आले होते.

मी मनात म्हटलं, बरी जिरली. आणि एक दोरा इथं, एक तिथं, असं करत बसले. पाऊसपाणी, जमीन, आहार, जिथं जिथं ती थोडं शिकवलंय म्हणायची तिथं दोरा. गणिताच्या पुस्तकाला तर दोऱ्यांची झालरच लागली. मग मराठीचं पुस्तक घेतलं. धाकटी एकेक धडा बघत गेली. "हे तिला येतं. हे बी वाचील. हे बी." पानं उलटतच गेली आणि दोरा माझ्या वर्गातल्या दोऱ्याच्याही पुढं जाऊन थांबला. मी धाकटीकडं बघितलं. तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं. मी पुस्तक जरा जोरातच मिटलं.

ट्रक निघाला तेव्हा आम्ही दोघी तिथं होतो. मुलगी भांड्यांच्या ढिगावर पुस्तकांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं हात हलवला. कुणाला हलवला ते मला नीट कळलं नाही, म्हणून मी आधी हलवला.

हा नवा अभ्यासक्रम बघायला पुण्याहून पाहुणे येणार होते ते दिवाळीनंतर. कार्यक्रमाची तारीख मे महिन्यातच ठरली होती. ती ठरली त्या सभेत स्टेजवर चेअरमनसाहेब होते, आमचे अधिकारी होते, दोन्ही गावांचे सरपंच होते, धाकटी होती, प्रेक्षकांत मी होते. दिवाळीनंतर आमच्या शाळा निम्म्या रिकाम्या असतात, हे एकालाही सांगावंसं वाटलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. जे पोराटोरांना माहीत असतं ते पुण्याच्या माणसाला माहीत नसेल, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

पाहुणे येणार त्या सकाळी कारखान्याचा टेम्पो माझ्या शाळेपुढं उभा राहिला. चेअरमनसाहेबांचा माणूस म्हणाला, "बाई, पोरं भरा. तिकडं खुर्च्या मोकळ्या दिसत्याल." सरांनी मान हलवली. माझी राहिलेली पोरं टेम्पोत चढली आणि त्यांच्यामागं मीही. ओट्यावरच्या नळांना त्या दिवशी पाणी होतं. टँकर मागं उभाच होता.

माझी पोरं निळ्या खुर्च्यांवर बसली. काही जण नुसते हात फिरवत राहिले. पाहुणे चांगले होते हो, मी उगाच नाव ठेवणार नाही. त्यातले एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ गुडघे टेकून पोरांच्या समोर बसले आणि विचारलं, "तुम्हाला कोणकोणते प्रश्न पडतात?"

पोरं माझ्याकडं बघायला लागली. मी डोळ्यांनी खुणावलं, बोला. तेव्हा सगळ्यांनी एका सुरात, जसं मी शिकवलं होतं तसं हाताची घडी घालून, सांगितलं, "कोणताच न्हाई, सर."

गृहस्थ हसले नाहीत. धाकटीनं माझ्याकडं बघितलं. तिच्या नजरेत थोडा जरी विजय दिसला असता तरी मी ते सोसलं असतं, पण तिला माझी कीव आली होती. त्या दिवशी मी तिचा जितका हेवा केला तितका जन्मात कुणाचा केला नसेल. खुर्च्यांचा नाही, पुण्याचा नाही. मुलांनी तिला विचारावं आणि मला नाही, याचा.

पुढच्या जूनच्या आधीच वरून निरोप आला की तो अभ्यासक्रम बंद. पुन्हा सगळीकडं तेच पुस्तक. मी त्या दिवशी शिरा केला. आत्याबाईंनी विचारलं, "आज काय हाय गं?"

"काही नाही. रवा किडायला लागला होता."

धाकटीनं खाली मान घालून शिरा खाल्ला आणि ताट उचलून उठली. निम्मा तिच्या ताटात तसाच राहिला होता, हे मला दिसत होतं. मी आणखी एक चमचा वाढून घेतला.

टोळ्या गुढीपाडव्याच्या आसपास परतल्या होत्या. शाळा उघडली आणि मुलीची आई तिला घेऊन थेट माझ्याकडं आली. आता माळ ओलांडायचं काही कारण राहिलं नव्हतं. "तुमचं पुस्तकच कामाला आलं, बाई," ती म्हणाली. "तिथलं सर इतकं दोरं बघून हसलं, पर बसू दिलं. वरीस वाया न्हाई गेलं पोरीचं." पुस्तकं तिनं धुतलेल्या फडक्यात बांधून आणली होती. मी फुगले. त्या दिवशी जीपची वाट बघतानासुद्धा मला उन्हाचं काही वाटलं नाही.

मुलगी सहावीत बसली. खाली, सतरंजीवर. मी ऊस शिकवत होते. उसाला पाणी किती लागतं, कारखाने कुठं कुठं आहेत, साखर कशी होते. मुलगी उभी राहिली.

"बाई, तिकडं नदीला पाणी हाय, पाटाला पाणी हाय, माणसंबी लई हायत. मग ऊस तोडायला आमीच कावून जातो?"

सगळा वर्ग तिच्याकडं बघायला लागला. माझ्या वर्गात कुणी असं उठत नसे. आणि मी आयुष्यभर जे म्हणत आले तेच म्हणाले. "पुस्तकात बघ."

ती बसली. खरोखर पुस्तक उघडलं. बोट ठेवत ठेवत एकेक ओळ वाचली, पान उलटलं, चित्रं बघितली, परत पहिल्या पानावर आली. मी दुसऱ्या वर्गाकडं वळले होते, पण लक्ष तिच्याकडंच होतं. बऱ्याच वेळानं ती परत उभी राहिली.

"बघितलं, बाई. ऊस हाय, कारखाना हाय, साखर हाय. तोडणारं न्हाईत."

घंटा वाजली म्हणून मी सुटले.

संध्याकाळी धाकटी पीठ मळत होती. मी कांदा चिरायला घेतला. डोळ्यांत पाणी आलं तर कांद्यावर घालता येईल, असा विचार होता. खूप वेळ इकडचं तिकडचं बोलले, मग विचारलं, "त्या ट्रेनिंगमध्ये तुम्हाला काय शिकवलं होतं गं? पोरानं असं काही विचारलं, की आपल्याला त्याचं उत्तर येत नाही, तर काय म्हणायचं?"

ती वर न बघता म्हणाली, "म्हणायचं, मला ठाव न्हाई, चल हुडकू."

"एवढंच?"

"एवढंच, आक्का."

"त्यासाठी तुला एसी गाडीतून पुण्याला नेलं होतं?"

"व्हय." मग पिठाला पाण्याचा हात लावत म्हणाली, "तरी मला म्हणायला लई दिवस लागले. घरी आरशापुढं म्हणून बघायचे."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभी राहिले. मुलीला उभं केलं. काल विचारलेलं परत विचार म्हणाले. तिनं विचारलं. मी हातातला खडू खाली ठेवला. या पोरांच्या आईबापांनासुद्धा मीच शिकवलं होतं, इतकी वर्षं त्यांच्यासमोर सगळं येणारी बाई म्हणून उभी होते.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

मुलीचा चेहरा उजळला. अगदी सहज, मदत करावी तशा सुरात ती म्हणाली, "मग मी माळापल्याडच्या बाईंला इचारून येऊ का? पळत जाते."

"कुठंही जायचं नाही," मी जवळजवळ ओरडलेच. "आपण इथंच शोधायचं. तुमच्यातलं कोण कोण ट्रकनं गेलं होतं? इकडं पुढं या. कुठं गेलात, कुणी नेलं, तिथली माणसं कोयता का धरत नाहीत, एकेकानं सांगायचं."

पोरं एकमेकांना ढकलत पुढं सरकली. धाकटीच्या कानावर यातलं काही जाता कामा नये, असं मनाशी पक्कं ठरवून मी फळा पुसला.